चौकटीतून वृंदाकडे : जेकब कॉलियर याची स्वरसाधना



लंडन शहराच्या उत्तर अंगास असलेल्या फिंचली नावाच्या उपनगरात, पियानो, डबल बेस, गिटार आणि नाना देशींची तालवाद्ये यांनी भरून गेलेल्या एका घरगुती खोलीत बसून, सोळा-सतरा वर्षे वयाचा एक विद्यार्थी 2011 सालच्या सुमारास स्वतःच्याच आवाजावर आवाज चढवून लोकप्रिय गीतांच्या नव्या रचना ध्वनिमुद्रित करू लागला, प्रत्येक आवाज गाताना स्वतःचे चित्रणही करू लागला, आणि ती सर्व चित्रे एकाच पडद्यावर चौकटी-चौकटींनी मांडून यूट्यूबवर प्रसिद्ध करू लागला. जेकब कॉलियर हे त्याचे नाव. त्या खोलीपासून आजवर त्याने केलेल्या वाटचालीचा विचार हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. ज्या संगीतगुरूंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर शिष्यांच्या गळ्याइतकीच, किंबहुना गळ्याहून अधिक, त्यांच्या कानांची जोपासना केली. म्हणून ज्याचे सारे कर्तृत्व कानाच्या तयारीवर उभे आहे, असा एक परदेशी कलावंत आपल्यापुढे ठेवावा, असे मला वाटले.

या कलावंताची कथा सांगण्याची एक रूढ रीत पडून गेली आहे. प्रथम हा मुलगा गमतीदार व्हिडिओ करीत असे, ते लोकांच्या पसंतीस उतरले, त्यामुळे मोठ्यांचे लक्ष त्याच्याकडे गेले, आणि मग तो खरा कलावंत झाला, अशी ती रीत. या कथनात व्हिडिओ हा निव्वळ जिना ठरतो, ज्यावरून चढून जायचे आणि मग ज्याकडे पुन्हा वळून पाहायचे नाही. मला ही मांडणी मान्य नाही. त्या चौकटींतच त्याची रचनापद्धती सिद्ध झाली होती, आणि पुढे त्याने जे जे प्रयोग केले त्यांतील बहुतेकांचे बीज त्या चौकटींत स्पष्ट दिसते. बदलले ते निराळेच काही, आणि ते काय हे ध्यानी येण्यासाठी त्याच्या शिक्षणापासून आरंभ केला पाहिजे.

कॉलियर याचा जन्म 2 ऑगस्ट 1994 रोजी झाला. आजोबा डेरेक कॉलियर हे नामांकित व्हायोलिनवादक, लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिक या विख्यात संस्थेत अध्यापक. आई सूझी कॉलियर याही व्हायोलिनवादक, वृंदसंचालक आणि त्याच संस्थेतील शिक्षिका. तेव्हा संगीत या मुलाकडे वंशपरंपरागत वतनासारखे चालत आले, असे म्हणावयास हरकत नाही. परंतु वतन मिळणे आणि ते राखणे यांत अंतर असते, आणि ते राखण्याची तालीम त्या घरात विलक्षण रीतीने झाली. आई आणि मुले मिळून बाखची कोराल, म्हणजे चार आवाजांत बांधलेली प्रार्थनागीते, घरी गात असत. वरचा आवाज मूळ चाल गातो, खालचा आवाज पाया धरतो, आणि मधले दोन आवाज, ज्यांच्याकडे सामान्य श्रोत्याचे लक्षही जात नाही, ते एका स्वरसमूहातून दुसऱ्या स्वरसमूहात कमीतकमी हालचाल करून सरकत असतात. ज्याने लहानपणी हे मधले आवाज स्वतः गाइले, त्याला हार्मनी हे पुस्तकातील शास्त्र राहत नाही. आपला स्वर न सोडता शेजाऱ्याचा स्वर ऐकण्याची ती एक अंगवळणी पडलेली सवय होते. पुढे याच मुलाने बेंजामिन ब्रिटनच्या ‘द टर्न ऑफ द स्क्रू’ या 1954 सालच्या संगीतिकेत माइल्स या बालकाची भूमिका गाइली. ती संगीतिका ज्यांनी ऐकली असेल त्यांना ठाऊक आहे की, तेथील स्वरसमूह सुखदही आहेत आणि भयावहही, आणि त्या दोन अवस्थांमधील सीमारेषा कोठे ओलांडली गेली, हे उमगण्यापूर्वीच श्रोता पलीकडे गेलेला असतो. पर्सेल स्कूलमधील शिक्षणानंतर कॉलियर याने रॉयल अकॅडमीत जॅझ पियानोचा अभ्यास आरंभिला. तो मात्र त्याने पुरा केला नाही.

आता त्या चौकटींकडे वळू. आवाजावर आवाज चढविण्याची युक्ती त्याच्या जन्माआधीची आहे. अमेरिकेत लेस पॉल यांनी 1940 च्या दशकाच्या अखेरीस एकाच गिटारीचे अनेक थर ध्वनिमुद्रित करून दाखविले होते, आणि 1970 च्या दशकात स्टीव्ही वंडर यांनी एकाच ध्वनिमुद्रिकेतील बहुतेक वाद्ये स्वतः वाजविण्याचा परिपाठ पाडला. दृश्याच्या बाजूने पाहता, 2008 पासून पॉम्प्लमूस या कॅलिफोर्नियातील दोघांच्या जोडीने असा नियम घालून घेतला होता की, जे दिसते तेच ऐकू यावे आणि जे ऐकू येते ते कधी ना कधी दिसावे. कॉलियर याने हा नियम स्वीकारला, आणि त्यात बाखच्या घरगुती तालमीची भर घातली. त्याच्या पडद्यावर प्रत्येक चौकटीत तोच तरुण, कोठे निराळा सदरा घालून, कोठे हातात निराळे वाद्य घेऊन, एकेक अंतर्गत आवाज गात असतो. आणि ज्या मधल्या आवाजाकडे कान जात नाही त्याकडे डोळा जातो, आणि डोळ्यामागोमाग कानही जातो. संगीतलेखन न वाचता येणाऱ्या माणसाला बहुस्वरी रचनेचे अंतरंग याहून सुलभपणे दाखविणारे साधन माझ्या पाहण्यात नाही. म्हणून मी त्या व्हिडिओंना जाहिरातीचे साधन न म्हणता स्वरलेखनाचा एक नवा प्रकार म्हणतो.

माध्यमाच्या मर्यादेतून कला नवा आकार घेते, हे आपल्याकडे निराळे सांगण्याचे कारण नाही. 1902 साली कलकत्त्यास गौहरजान यांचे गाणे ध्वनिमुद्रित झाले, त्यानंतरच्या काळात तासभर विस्तारणारा ख्याल जेमतेम तीन मिनिटांच्या तबकडीत बसविण्याचा प्रसंग आपल्या गवयांवर आला. काहींनी त्याबद्दल नापसंती दर्शविली, परंतु खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्यासारख्यांनी त्या तीन मिनिटांतही रागाचे संपूर्ण रूप उभे करून दाखविले. ती तबकडी म्हणजे मैफलीचा संक्षेप नव्हता. ती स्वतंत्र घडण होती, आणि आज तिच्याच आधारे आपण त्या गायकीचा अभ्यास करतो. व्हिडिओच्या चौकटींनाही हाच न्याय लावला पाहिजे.

2013 साली स्टीव्ही वंडर यांच्या ‘डोन्ट यू वरी बाउट अ थिंग’ या गीताची कॉलियर याने केलेली रचना प्रसिद्ध झाली आणि थोड्याच अवधीत ती जगभर पसरली. ती क्विन्सी जोन्स यांच्या कानी पडली. जोन्स हे विसाव्या शतकातील अमेरिकन संगीताचे जणू मुख्य दप्तरदार. काउंट बेसी आणि फ्रँक सिनात्रा यांच्यासाठी संगीतरचना करण्यापासून मायकेल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’च्या निर्मितीपर्यंत त्यांच्या हाताखालून गेले नाही असे थोडेच होते. अशा माणसाने खोलीत बसून गाणाऱ्या एका मुलाची पारख करावी आणि त्याच्या व्यवसायाची व्यवस्था आपल्या संस्थेमार्फत पाहावी, यात गुणग्राहकता तर आहेच; परंतु त्याहून महत्त्वाचे असे की, या पाठिंब्याच्या बदल्यात त्या मुलाला आपली खोली सोडावी लागली नाही. पहिला ध्वनिसंग्रह त्याने कोणत्याही बड्या कंपनीच्या हुकुमाखाली न करता स्वतःच्या मुखत्यारीने केला, आणि पुढे मोठ्या कंपन्यांशी वितरणाचे करार झाले तेव्हाही ‘हजांगा’ हे स्वतःचे प्रकाशनचिन्ह कायम ठेवले.

स्वतंत्र कलावंताच्या निर्वाहाचा प्रश्न येथे टाळून चालणार नाही, कारण स्वातंत्र्याची भाषा सोपी आणि हिशेब अवघड असतो. आपल्याकडे संस्थानिकांचा आश्रय होता, तेव्हा गवयाला तनखा मिळे, दसऱ्याला पोशाख मिळे, आणि त्याबरोबर दरबारची मर्जी सांभाळण्याची जबाबदारीही येई. आश्रय गेला, तेव्हा तिकिटाच्या जलशाने आणि नाटक मंडळ्यांनी त्याची जागा काही प्रमाणात घेतली. पॉम्प्लमूस जोडीतील जॅक कॉन्टी याने 2013 साली एका सहकाऱ्यासमवेत पेट्रिऑन नावाची जी व्यवस्था उभारली, तिच्यात हजारो सामान्य रसिक थोडी थोडी वर्गणी देऊन एका कलावंताचा योगक्षेम चालवितात. कॉलियर याने या व्यवस्थेचा जो उपयोग केला तो माझ्या मते त्याच्या साऱ्या वाटचालीची दिशा ठरविणारा आहे. त्याने आपल्या वर्गणीदारांना आवाहन केले की, तुम्ही काही सेकंदांची एखादी चाल गाऊन वा वाजवून चित्रित करून पाठवा, मी तिच्याभोवती स्वरसमूह रचीन. कोणी गुणगुणलेली ओळ पाठवी, कोणी एखाद्या वाद्यावरील तुकडा पाठवी, आणि मग पडद्यावर त्या अपरिचित माणसाची चौकट मूळ सुराचा मान घेऊन उभी राही आणि सभोवार दहा-बारा कॉलियर त्याच्या स्वराला आधार देत गात असत. चाल जशी आली तशीच स्वीकारायची, ती किंचित बेसूर असली तरी तिच्या बेसूरपणाला पाया शोधून द्यायचा, असा तो खेळ होता. एकट्याच्या खोलीत दुसऱ्या माणसाचा प्रवेश झाला तो येथे.

खोलीतील ही कला रंगमंचावर कशी न्यावी, हा पुढचा प्रश्न. ध्वनिमुद्रणात एक माणूस बारा होऊ शकतो. श्रोत्यांसमोर तो एकच असतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या मीडिया लॅबमधील बेन ब्लूमबर्ग या तरुण संशोधकाने त्याच्याशी आपण होऊन पत्रव्यवहार केला आणि दोघांनी मिळून एक यंत्र सिद्ध केले. या यंत्रापुढे बसून कॉलियर एक स्वर गातो आणि त्याच वेळी पट्ट्यांवर बोटे ठेवून एक स्वरसमूह दाबतो; त्या सरशी त्याचाच आवाज, त्याच्याच उच्चारांसह, दाबलेल्या प्रत्येक पट्टीच्या उंचीवर उमटतो. गळा थांबला की सारा वृंद थांबतो. गळ्याने ‘स’कार काढला की बारा कंठांतून ‘स’कार निघतो. भोवती वर्तुळाकार मांडलेली वाद्ये तो एकामागून एक वाजवीत जाई, प्रत्येकाचे आवर्तन फिरत राही, आणि मागील पडद्यावर त्याच्या प्रतिमा तेथल्या तेथे वाढत जात. 2015 च्या जुलैत स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथील महोत्सवात हर्बी हॅनकॉक आणि चिक कोरिया या दोन थोर पियानोवादकांच्या कार्यक्रमाआधी त्याने हा एकपात्री प्रयोग केला. प्रयोग अद्भुत होता यात संशय नाही. परंतु एका माणसाने धावत धावत दहा माणसांची कामे करावी, या दृश्यात संगीतापेक्षा कर्त्याच्या कर्तबगारीकडे लक्ष अधिक ओढले जाते, आणि कॉलियर पुढे यातून बाहेर पडला हे त्याच्या विवेकाचे द्योतक आहे.

‘इन माय रूम’ हा त्याचा पहिला ध्वनिसंग्रह 2016 च्या जुलैत प्रसिद्ध झाला. सुमारे तीन महिन्यांत, त्याच खोलीत, सर्व आवाज आणि सर्व वाद्ये स्वतःची, मिश्रणही स्वतःचे. यातील ‘यू अँड आय’ आणि ‘फ्लिंटस्टोन्स’ या दोन गीतांच्या संगीतयोजनेस 2017 साली ग्रॅमी पुरस्कार मिळाले, आणि पुढे पहिल्या चारही ध्वनिसंग्रहांच्या वाट्याला तो मान आला. पुरस्कारांची यादी वाचण्यात मला रस नाही. परंतु घरगुती खोलीत केलेल्या कामाला, अन्य कोणाचा हात न लागता, व्यावसायिकांच्या पंक्तीत हे स्थान मिळाले, ही घटना ध्वनिमुद्रणाच्या इतिहासात नोंदवून ठेवण्याजोगी आहे.

त्याच सुमारास त्याने केलेल्या एका लहानशा रचनेपाशी मी अंमळ अधिक थांबणार आहे, कारण तिचा आपल्या विचाराशी निकटचा संबंध पोचतो. क्रिस्टिना रोझेटी यांच्या ‘इन द ब्लीक मिडविंटर’ या कवितेला गुस्ताव्ह होल्स्ट यांनी 1906 साली दिलेली चाल इंग्लंडमध्ये नाताळात घरोघर गाइली जाते. कॉलियर याने ती केवळ आपल्या आवाजाच्या थरांनी बांधली. रचना ई या पट्टीत चालते, आणि अखेरच्या कडव्यापूर्वी ती जेथे जाऊन पोचते ती पट्टी ‘जी’ नव्हे आणि ‘जी शार्प’ही नव्हे, तर त्या दोहोंच्या बरोबर मधली आहे. हार्मोनियमवर किंवा पियानोवर ही पट्टी अस्तित्वातच नाही. अर्ध्या स्वराचे शंभर भाग कल्पिले, तर हा प्रवास साडेतीनशे भागांचा होतो. आश्चर्याची गोष्ट अशी की, श्रोत्याला धक्का मुळीच बसत नाही. प्रत्येक अंतर्गत आवाज अर्ध्या स्वराहूनही लहान पावले टाकीत सरकतो, प्रत्येक थांब्यावर स्वरसमूह आपल्या परीने शुद्ध आणि स्थिर भासतो, आणि आपण नव्या भूमीवर उभे आहोत हे कळते तेव्हा ती भूमी उजळल्यासारखी वाटते. लहानपणी गाइलेल्या कोरालातील मधले आवाज येथे असे फळाला आले.

आता आपल्याकडील एक प्रकरण आठवावे. कृष्णाजी बल्लाळ देवल या निवृत्त डेप्युटी कलेक्टरांनी 1910 साली बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले; मुलकी सेवेतील न्यायाधीश ई. क्लेमेंट्स यांनी 1913 साली त्याच दिशेने आपला ग्रंथ लिहिला. श्रुतींचे प्रत्यक्ष प्रमाण देण्यासाठी अब्दुल करीम खाँसाहेब गाइले. आणि श्रुतींचे स्वर देऊ शकेल अशी हार्मोनियमही तयार करण्यात आली. सरकारी नोकरीत महसुलाची आणि फिर्यादींची दप्तरे चाळणाऱ्या माणसांनी स्वराच्या सूक्ष्म अंतरांचा इतका कसोशीने पाठपुरावा करावा, हे त्या पिढीचे भूषण होय. त्यांची तक्रार एवढीच होती की, बारा समान भागांत स्वरसप्तक विभागणारी पेटी गंधाराला त्याच्या नैसर्गिक जागेवरून सुमारे चौदा भाग वर ढकलते. कॉलियर याच्या मनात हीच तक्रार आहे, परंतु तो दुसऱ्या टोकाकडून तिच्याकडे आला आहे. आपल्याला श्रुती हवी ती रागाच्या एका रेषेत, षड्जाच्या स्थिर सान्निध्यात. त्याला ती हवी ती एकदम उमटणाऱ्या पाच-सहा आवाजांत, जेथे षड्जच हलत असतो. शुद्ध अंतरांनी एका स्वरसमूहातून दुसऱ्यात जात राहिले तर काही वेळाने मूळ षड्ज किंचित ढळतो, ही गणिताची अटळ अडचण. युरोपने ती टाळण्यासाठी समान विभागणी पत्करली. कॉलियर ती टाळीत नाही. ढळणाऱ्या षड्जालाच तो रचनेचा विषय करतो. संगणकाने प्रत्येक आवाज स्वतंत्रपणे हलविण्याची मुभा दिली म्हणून हे शक्य झाले, हे खरे; परंतु तो आवाज नेमका कोठे न्यायचा, हे संगणक सांगत नाही. त्याचा निवाडा कानानेच करावा लागतो.

येथपर्यंतचा कॉलियर हा एकाधिकारी होता. स्वर त्याचा, लय त्याची, चित्र त्याचे, मिश्रण त्याचे. प्रयोगशील कलावंत म्हणून त्याची खरी परीक्षा झाली ती त्यानंतर, जेव्हा त्याने हा अधिकार क्रमाक्रमाने सोडावयास आरंभ केला. 2016 च्या डिसेंबरात त्याने मॅसॅच्युसेट्स येथील त्याच संस्थेच्या विद्यार्थी-वादकांसमवेत आपल्या रचनांचा मोठा कार्यक्रम केला. 2018 च्या जुलैत ज्यूल्स बकली यांच्या संचालनाखालील नेदरलंड्सच्या मेट्रोपोल ऑर्केस्टबरोबर तो बीबीसीच्या प्रॉम्स महोत्सवात उभा राहिला. खोलीत बसून बारा आवाज जुळविणाऱ्याने प्रथमच अशी माणसे समोर पाहिली, ज्यांचा श्वास त्याच्या श्वासाबरोबर चालत नव्हता. जो स्वर आजवर हवा तितका वेळ घासूनपुसून घेता येत असे, तो आता दुसऱ्याच्या हातून, एकदाच, येईल तसा घ्यायचा होता.

‘जेसी’ या नावाच्या चार खंडांच्या संकल्पनेचा उगम या अनुभवात आहे. पहिला खंड 2018 च्या डिसेंबरात, दुसरा 2019 च्या जुलैत, तिसरा 2020 च्या ऑगस्टात आणि चौथा 2024 साली प्रसिद्ध झाला. प्रत्येक खंडाचा अवकाश निराळा कल्पिला होता: पहिल्यात वाद्यवृंदाचे विशाल प्रांगण आणि दिवस उगवण्याचा भाव, दुसऱ्यात लोकसंगीताचा आणि लहान मेळ्यांचा दिवसाचा उजेड, तिसऱ्यात विद्युत्-ध्वनींची रात्र, आणि चौथ्यात मानवी कंठ. रागांना प्रहर नेमून देणाऱ्या आपल्या परंपरेतील श्रोत्याला ही कल्पना परकी वाटू नये. पहिल्या खंडात मोरोक्कोच्या ग्नावा परंपरेतील हमीद अल कसरी आहेत, दुसऱ्यात मालीच्या उमू सांगारे आणि उत्तर इंग्लंडच्या कॅथरिन टिकेल आहेत. तिसरा खंड महामारीच्या टाळेबंदीत, पुन्हा त्याच फिंचलीच्या खोलीत, पुरा झाला, आणि वर्षातील सर्वोत्तम ध्वनिसंग्रहाच्या ग्रॅमी नामांकनापर्यंत पोचला.

या चार खंडांविषयी माझे मत मिश्र आहे, आणि ते स्पष्टपणे सांगणे मी माझे कर्तव्य समजतो. कॉलियर याच्यापाशी विपुलता आहे, आणि विपुलता ही गुणवानांचीच व्याधी आहे. पहिल्या खंडातील ‘ऑल नाइट लाँग’ ऐकताना असे वाटते की, एका ओळीला जेवढे आधार देता येतील तेवढे सर्व एकाच वेळी देण्याचा मोह रचनाकाराला आवरलेला नाही. एका स्वरसमूहाचे सौंदर्य मनात ठसण्याआधी दुसरा येतो, आणि तिसरा दाराशी उभा असतो. तिसऱ्या खंडातील काही गीतांत तर मूळ चाल अलंकारांच्या भाराखाली दबून जाते. परंतु दुसऱ्या खंडातील ‘मून रिव्हर’, हेन्री मॅन्सिनी यांची 1961 सालची चाल, तेथे हीच विपुलता कृतार्थ झाली आहे, कारण चाल संथ आहे, श्वास दीर्घ आहेत, आणि प्रत्येक स्वरसमूहाला उमलावयास अवसर मिळाला आहे. ज्यांना कॉलियर ऐकण्याचा प्रारंभ करायचा असेल त्यांनी तेथून करावा, आणि पहिल्या वेळी केवळ खालचा आवाज ऐकावा, दुसऱ्या वेळी मधला, आणि मगच मूळ चाल.

आता मी ज्याला त्याच्या कार्याचा सर्वांत मोलाचा भाग समजतो त्याकडे येतो. 2019 च्या सुमारापासूनच्या दौऱ्यांत त्याने प्रेक्षागृहातील श्रोत्यांनाच गावयास लावण्याची एक पद्धती सिद्ध केली. तो श्रोत्यांचे डावे, मधले आणि उजवे असे तीन विभाग पाडतो; प्रत्येक विभागाला एकेक स्वर देतो; आणि मग शब्दही न बोलता, हाताचा तळवा किंचित वर नेला की त्या विभागाने स्वरसप्तकातील एक पायरी चढायची, खाली आणला की उतरायची, एवढ्याच संकेतावर हजारो लोकांकडून तीन आवाजांची रचना गाववून घेतो. तालीम नाही, कागद नाही, निवड नाही. पुढची पायरी कोणती, पूर्ण स्वराची की अर्ध्या स्वराची, हे त्या माणसांना कोणी सांगितलेले नसते. जन्मभर कानावर पडलेल्या गाण्यांनी ते त्यांच्यात साठवून ठेवलेले असते. एका माणसाचा सूर ढळेल, दहांचा ढळेल. परंतु हजारांचे दोष परस्परांना छेदून जातात आणि मधोमध जो स्वर उरतो तो सहसा स्वच्छ असतो. मग डावा विभाग स्थिर ठेवून तो मधल्याला एक पायरी उतरवितो, आणि क्षणात प्रसन्न स्वरसमूह उदास होतो. आणि ज्यांनी तो केला, त्या लोकांच्या चेहऱ्यावर स्वतःच्याच कृतीचा विस्मय दिसतो.

आपल्या कीर्तनात बुवांनी नामाचा गजर उचलला की टाळकऱ्यांमागोमाग सारी सभा तो झेलते. पंढरीच्या वाटेवर तर गाणारा आणि ऐकणारा असा भेदच राहत नाही. समूहाच्या कंठावर असा विश्वास टाकणे आम्हांस नवे नाही. नवे आहे ते हे की, गजरात सर्वांचा स्वर एक असतो; येथे तीन विभागांचे स्वर निराळे असतात, आणि आपला स्वर धरून ठेवण्याकरिता शेजारच्या विभागाचा निराळा स्वर ऐकत राहावे लागते. फिंचलीच्या घरात आईने मुलांकडून जे करवून घेतले, तेच तो परक्या शहरांतील परक्या माणसांकडून करवून घेतो. चौथ्या खंडाचा आरंभच ‘100,000 व्हॉइसेस’ या रचनेने होतो, आणि तिच्यात या दौऱ्यांमध्ये ठिकठिकाणी ध्वनिमुद्रित केलेले श्रोत्यांचे आवाज गुंफलेले आहेत. ज्याने चौकटींमध्ये स्वतःलाच भरून घेतले होते, त्याने आता त्या चौकटी इतरांना दिल्या. येथे कर्तबगारी दिसत नाही असे कोणी म्हणतील. मला येथेच ती अधिक दिसते, कारण काय होईल याची हमी नसलेल्या ठिकाणी उभे राहण्याचे धैर्य यंत्राने येत नाही.

त्याच चौथ्या खंडात ‘अ रॉक समव्हेअर’ ही रचना आहे, आणि तिच्यात सतारवादिका अनुष्का शंकर आणि बंगळूरच्या गायिका वारिजश्री वेणुगोपाल यांचा सहभाग आहे. भारतीय आणि पाश्चात्त्य संगीताच्या मिलाफाचे अनेक प्रयत्न आपण ऐकले आहेत, आणि त्यांतील पुष्कळांत आपला गायक पाहुण्यासारखा येऊन चार आलाप घेऊन परततो, हेही पाहिले आहे. येथे वारिजश्री यांच्या कर्नाटक पद्धतीच्या गमकांना जागा करून दिलेली आहे. स्वर आंदोलित होत असताना त्याखाली स्वरसमूह अडून बसत नाही, त्याच्याबरोबर वाकतो. श्रुतींचा जो अभ्यास नाताळच्या गीतात दिसला, तो येथे उपयोगी पडला असावा, असा माझा कयास आहे. या रचनेने मिलाफाचा प्रश्न निकालात निघाला असे मी म्हणणार नाही, परंतु पाश्चात्त्य हार्मनीने आपल्या गमकासाठी वाट काढून द्यावी हा न्याय आहे, आणि त्या न्यायाकडे जाणाऱ्या पावलांत हे एक ठाम पाऊल आहे.

अगदी अलीकडे, 2025 च्या ऑक्टोबरात, ‘द लाइट फॉर डेज’ हा त्याचा ध्वनिसंग्रह आला. सहा वर्षे आणि शेकडो माणसे ज्याने चार खंडांत गुंतविली, त्याने हा संग्रह चार दिवसांत ध्वनिमुद्रित केला, आणि त्याच्या केंद्रस्थानी एकच वाद्य ठेवले: खास त्याच्यासाठी घडविलेली पाच तारांची गिटार. रूढ गिटारीच्या सहा तारांची जुळणी सोडून त्याने या पाच तारा डी, ए, ई, ए, डी अशा लावल्या आहेत. म्हणजे मधल्या तारेच्या दोन्ही अंगांस तेच स्वर उलट क्रमाने येतात, आणि तारा नुसत्या छेडल्या तरी उघड्या पंचमांचा एक विस्तीर्ण स्वर उमटतो, जो आपल्या कानाला तंबोऱ्याच्या जवळचा वाटतो. विपुलतेविषयी मी जी तक्रार केली तिला हा संग्रह बव्हंशी उत्तर देतो. आवाजांचे थर येथेही आहेत, परंतु ते मागे सरले आहेत, आणि कित्येक ठिकाणी एकटा गळा आणि पाच तारा एवढेच ऐकू येते. हा गळा थोर गायकाचा नाही. त्याला गोडवा आहे, पण विस्तार आणि वजन बेताचे आहे, आणि आजवर बारा थरांच्या आड ही गोष्ट लपत असे. ती आता लपत नाही, आणि त्याने ती लपविण्याची तजवीजही केलेली नाही. एकट्या आवाजाने गीत पेलण्याची जी विद्या आपल्या गवयांना पहिल्या दिवसापासून शिकविली जाते, ती हा कलावंत तिशी ओलांडल्यावर शिकू पाहत आहे, आणि यानंतरचे त्याचे गाणे मी त्या दृष्टीने लक्षपूर्वक ऐकणार आहे.